मल्लेपाडूचा मासा

“बाई, यात माझं नाव कुठं आहे ते दाखवा जरा.”

लसमय्यानं प्लॅस्टिकचा कागद उलगडला आणि आतली आठ-दहा छापील पानं माझ्या हातात ठेवली. पानं पिवळी पडली होती, पण एकाचाही कोपरा दुमडलेला नव्हता. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत मथळा, खाली आमच्या सरांचं नाव आणि साल, १९६४.

ही गोष्ट जानेवारी १९८१ची. सिरोंचा तालुक्यात, प्राणहिता नदीपासून दोन कोसांवर मल्लेपाडू नावाचं गाव आहे, तिथली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. नागपूरच्या कॉलेजात डॉ. विश्वंभर पालतेवार सरांच्या हाताखाली भूशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि दर हिवाळ्यात त्यांच्याबरोबर या गावाबाहेर तंबूत राहत होते. त्या दिवशी सर जीपच्या स्प्रिंगचा मोडलेला पाटा बदलायला ड्रायव्हरबरोबर सिरोंचाला गेले होते. मी खाणीच्या काठावर बसून थरांची जाडी मोजत होते आणि टेपचं दुसरं टोक लसमय्याकडे होतं.

लसमय्या दुर्गम पंचावन्नच्या आसपासचा, उंच, वाळका माणूस. घरची भाषा तेलुगू. मराठी तो जंगलखात्याच्या लोकांकडून शिकला होता, म्हणून बोलता बोलता मध्येच ‘सदर’ म्हणायचा. तो आणि त्याची बायको राजक्का वर्षानुवर्षं या खाणीतली चुनखडी फोडून भट्टीत भाजत आणि चुना विकत.

आम्हाला त्या चुनखडीत मासे हवे होते. अठरा कोटी वर्षांपूर्वी तिथं गोड्या पाण्याचं मोठं तळं होतं. आसपास डायनोसॉर हिंडत, त्यांची हाडं आजही जवळच्या लाल मातीत सापडतात. तळ्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर बसत गेला, त्याचा दगड झाला, आणि गाळात पडलेले मासे दगडाच्या पापुद्र्यांत राहून गेले. सरांना असा एक मासा १९६२ साली मल्लेपाडूत मिळाला होता. शेपटीकडचा तुकडा गेलेला, पण बाकी सगळा शाबूत. अंगभर चौकटीसारखे जाड खवले, काळे आणि पॉलिश केल्यासारखे चमकणारे. कॉलेजच्या संग्रहालयात काचेच्या कपाटात तो मधोमध असे. त्याच्यावरच लिहिलेली ती आठ-दहा पानं होती.

मात्र त्यानंतर एवढ्या वर्षांत मल्लेपाडूच्या खाणीनं आम्हाला फक्त सुटे खवले दिले. कधी एखादा दात, कधी कल्ल्याचं झाकण. सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्यांचा हा शेवटचा हंगाम होता आणि अख्खा मासा काही निघत नव्हता.

“सारूनं मला हे पुस्तक दिलं,” लसमय्या म्हणाला. तो सरांना ‘सारू’ म्हणे. “म्हणाले, लसमय्या, आपला मासा छापून आला. फोटो तर मी ओळखतो. नाव ओळखत नाही. सदर नाव कुठल्या पानावर आहे?”

मी वाचायला लागले. ती पानं मी नागपूरला दहा वेळा वाचली होती, परीक्षेसाठी पाठ केली होती. तरी पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार होते. फोटो काढणाऱ्याचे आभार होते. आणि दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘मल्लेपाडू गावाजवळच्या चुनखडीच्या खाणीत लेखकाला हा नमुना आढळला.’

लसमय्या टेप हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी बोट ठेवलं. “हे बघा मामा. हे.”

“एवढं लांब?”

“इंग्रजीत लांब होतं.”

“काय लिहिलंय?”

“मल्लेपाडूच्या लसमय्या दुर्गम यांनी हा मासा शोधून काढला.”

त्यानं डोळे मिटले आणि उघडले. मग माझ्या खिशातल्या पेनाकडे हात केला. “खूण करून द्या. मी विसरेन.”

मी ज्या शब्दावर बोट ठेवलं होतं तो होता ‘लेपिडोटिस’. त्या जातीच्या माशाचं शास्त्रीय नाव. निदान ‘ल’नं सुरू होतो म्हणून माझं बोट तिथं गेलं होतं. मी त्याच्याखाली निळ्या शाईची रेघ मारली.

“आता बरं झालं,” लसमय्या पानं गुंडाळत म्हणाला. “शाळेत नवे गुरुजी आलेत, चंद्रपूरचे. इंग्रजी येतं त्यांना. रविवारी जेवायला बोलावलंय. त्यांना दाखवतो.”

तो दिवस शुक्रवार होता.

संध्याकाळी सर परत आले. त्यांना दम्याचा त्रास होता, धुळीच्या रस्त्यानं तो वाढला होता. तरी आल्या आल्या त्यांनी पिशवीतून डोळ्यांचं मलम काढून बाजूला ठेवलं. भट्टीच्या धुरानं राजक्काचे डोळे सतत लाल असत आणि सर दरवर्षी न चुकता तिच्यासाठी मलम आणत. लसमय्यासाठी धोतरजोडी आणत. त्याच्या मुलीच्या लग्नाला ते नागपूरहून दोन दिवसांचा प्रवास करून आले होते. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून तर मला काय बोलावं ते कळेना.

चहा झाल्यावर मी सांगून टाकलं. रेघेसकट.

सर हातातला कप फिरवत म्हणाले, “निखाडे, छापलेल्या संशोधनात जे नाही ते तुम्ही वाचून दाखवलंत?”

“हो सर.”

“हे विद्यार्थ्याचं काम आहे?”

“नाही सर.”

“मग का केलंत?”

“ते माझ्याकडे बघत होते सर.”

सर उठून तंबूच्या बाहेर गेले, थोडं चालून परत आले. “त्या काळी तसंच लिहायची पद्धत होती,” ते म्हणाले. “सगळेच लिहीत. लेखकाला आढळले. गावकऱ्यांची नावं कोणी घालत नसे.”

मी चहाचे कप उचलले.

“सतरा वर्षांत त्यानं मला एकदाही विचारलं नाही.”

“त्यांना वाटत होतं, आहे म्हणून,” मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत मी त्यांना उलट असं काही बोलले नव्हते. मला वाटलं, आता ते मला नागपूरला परत पाठवतील. ते म्हणाले, “सकाळी लवकर निघू. उन्हात मला चालवत नाही.”

लसमय्याचं घर गावाच्या टोकाला होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो अंगणात दात घासत होता. सरांना एवढ्या सकाळी दारात बघून त्यानं घाईघाईनं चूळ भरली आणि बाज टाकली. सर बाजेवर बसले नाहीत.

“लसमय्या, पुस्तक आण.”

त्यानं पेटीतून आणलं. सरांनी ते पान काढलं आणि निळी रेघ बघितली.

“यात तुझं नाव नाही,” सर म्हणाले. “कुठल्याच पानावर नाही. मी घातलंच नाही. बाईंनी तुला वाईट वाटू नये म्हणून तसं सांगितलं. त्यांची चूक लहान आहे. माझी मोठी आहे.”

लसमय्यानं पान हातात घेतलं. मी जमिनीकडे बघत होते. रेघेवर बोट ठेवून तो म्हणाला, “मग हे रेघेवरचं कोण?”

“मासा,” सर म्हणाले. “माशाचं नाव आहे ते.”

तेवढ्यात दारातून हसू ऐकू आलं. राजक्का चौकटीला धरून उभी होती आणि हसत होती. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना, शेवटी ती उंबऱ्यावर बसली. लसमय्या तिच्यावर तेलुगूत खेकसला. मी बल्लारपूरची, निम्मी गल्ली तेलुगू बोलणारी, मला सगळं समजत होतं. तो म्हणत होता, पाहुण्यांसमोर काय हे.

“बरंच झालं नाव नाही ते,” राजक्का म्हणाली. “असतं तर खोटं झालं असतं.”

“आत जा तू.”

“एकोणीस वर्षं आतच होते.” मग ती माझ्याकडे वळली. सरांशी ती कधीच थेट बोलत नसे. “बाई, तुझ्या सारूला सांग. मासा याला नाही सापडला. मला सापडला.”

सरांनाही तेलुगू येत होतं. ते हळूच बाजेवर बसले. “लसमय्या?”

लसमय्या हातातलं पान उलटंपालटं करत राहिला. राजक्काच सांगू लागली. त्या वर्षी लसमय्या तिला न सांगता नदीपलीकडे कालेश्वरमच्या जत्रेला गेला. तीन दिवस पत्ता नाही. भट्टी पेटलेली, पोरगी तापानं फणफणलेली, आणि ही एकटी. चौथ्या दिवशी साहेब पान खाऊन, गळ्यात नवा रुमाल बांधून अंगणात आले.

“माझ्या हाताशी एक दगड होता. मी उचलला आणि मारला याला फेकून.”

“लागला नाही,” लसमय्या पुटपुटला.

“मी काही मुद्दाम चुकवला नाही. डोक्यालाच नेम धरलेला. हा खाली वाकला, दगड त्या कट्ट्यावर आपटून दोन झाला. आणि मी बघते तर आत मासा. डोळ्याची खाचसुद्धा दिसत होती. भांडण राहिलं बाजूला. आम्ही दोघं तिथंच बसून बघत राहिलो. पोरीला उठवून दाखवला. मग यानं तो भिंतीवर ठेवला.”

दोन महिन्यांनी सर गावात आले होते. दगडात काही आकार दिसतात का, असं घरोघर विचारत होते. लसमय्यानं मासा काढून दाखवला आणि कुठं सापडला विचारल्यावर म्हणाला, मला सापडला, खाणीत.

“बायकोनं दगड फेकून मारला म्हणून कसं सांगणार, सारू?” लसमय्या मान वर करून म्हणाला. “तुम्ही नवीन माणूस. पँट घालून आलेले.”

“तू तेव्हा का नाही बोललीस?” मी राजक्काला विचारलं.

“तेव्हा नव्या माणसासमोर आले नाही. नंतर काय, हा ती गोष्ट सगळ्यांना सांगायचा. लग्नात सांगायचा, बाजारात सांगायचा. सांगताना इतका खूश व्हायचा, की मी म्हटलं, असू दे.” तिनं नाक पुसलं. “पण आता पुस्तकात घालणार असाल तर खरं घाला.”

सरांनी वही काढली होती, पण ते लिहीत नव्हते. त्यांचं लक्ष भलत्याच गोष्टीकडे गेलं होतं.

“राजक्का,” ते तेलुगूत म्हणाले, “तो दगड तुझ्या हाताशी कुठून आला?”

तिला प्रश्न समजला नाही. सरांनी पुन्हा विचारला. खाणीतला होता ना?

“खाणीतला कशाला? धुण्यासाठी सपाट दगड हवे होते. वर्षभर याला सांगत होते. हा जत्रेला गेल्यावर मीच ओढ्यावरून चार आणले. डोक्यावर. त्यातला एक.”

“कुठला ओढा?”

“त्या तिकडचा. अर्जुनाच्या झाडाखालचा.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पहिल्याच वर्षी त्यांना विचारलं होतं की कपाटातल्या माशाचा दगड निळसर करडा आहे आणि खाणीतला पिवळट, असं कसं? ते म्हणाले होते, एकाच थराचा रंग जागोजागी बदलतो. शिवाय लसमय्यानं स्वतः जागा दाखवली होती. त्यावर पुढं कोणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

“चला,” सर म्हणाले.

“सर, तुमचा दमा…”

“निखाडे, चला.”

राजक्का पुढे, तिच्या हातात कुऱ्हाड. मागे सर, मग मी, आणि सगळ्यांत मागे लसमय्या, मान खाली घालून. अर्धा तास लागला. सर तीनदा थांबले, एकदा पळसाच्या खोडाला धरून बराच वेळ. राजक्काही थांबे, पण मागे वळून बघत नसे, उगाच पायातला काटा काढल्यासारखं करी.

ओढ्याला घोटाभर पाणी होतं. अर्जुनाच्या मुळांखाली काठ खचला होता आणि तिथं दगडाचे पापुद्रे एकावर एक रचल्यासारखे दिसत होते. निळसर करडे. मी पाण्यात उतरून हात लावला. माझ्या नकाशात ही जागा मी पांढरी सोडली होती. इथं झाडी दाट म्हणून.

राजक्कानं वाकून एक फरशी सुटी केली, हातात घेऊन वजन बघितलं, टाकून दिली. दुसरीही टाकली. तिसरी तिनं कडेवर उभी केली आणि कुऱ्हाडीच्या बोथट बाजूनं वरच्या कडेला हळू हळू ठोकत गेली. मी भूशास्त्रात पाच वर्षं घालवली होती, पण दगड फोडताना ऐकायचा असतो हे मला तिथं कळलं. आवाज बदलला तशी ती थांबली. बोटं घालून तिनं फरशी पुस्तकासारखी उघडली. काही नव्हतं. आणखी दोन उघडल्या. एकीत पान होतं, नेच्याचं.

सहाव्या फरशीत मासा होता.

तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत. वीतभर लांब. सगळे खवले जागच्या जागी, ओले झाल्यावर काळेभोर चमकणारे. शेपटीचे काटे मोजता येतील असे. एका अर्ध्यावर मासा आणि दुसऱ्या अर्ध्यावर त्याचा ठसा.

सर पाण्यातच बसले. चपला, पँट, खिशातली वही, सगळं भिजलं. त्यांनी फरशी मांडीवर घेतली आणि भिंग काढायला खिशात हात घातला, पण ओल्या खिशातून भिंग निघेना. मी काढून दिलं.

“शेपटी,” ते एवढंच म्हणाले. “निखाडे, शेपटी बघा.”

लसमय्या काठावरून उतरला आणि त्यांच्या शेजारी पाण्यात बसला. दोघं म्हातारे माना एकत्र करून त्या माशावर वाकले. “सारू, मी चुकीची जागा दाखवली,” लसमय्या म्हणाला. “तुमची एकोणीस वर्षं गेली.”

“माझीही चूक झाली, तुझीही झाली,” सर म्हणाले. “ही बाई दोन घरं सोडून नव्हती रे. तुझ्याच घरात होती. तिला एकदा विचारायचं होतं. तेवढं मला सुचलं नाही.”

राजक्का तोवर पुढची फरशी ठोकत होती.

त्या आठवड्यात तिनं आम्हाला सात मासे काढून दिले. एका फरशीवर तीन लहान मासे होते, तिघांची डोकी एकाच दिशेला. म्हणजे तिथं पाणी वाहत होतं, बहुतेक एखादी नदी तळ्याला मिळत होती. पाणी पूर्ण स्थिर होतं असं सरांनी १९६४ साली लिहिलं होतं. आता तेही बदलावं लागणार होतं. त्यांना त्याचं दुःख झालेलं मला तरी दिसलं नाही. ते रोज ओढ्यावर येत, काठावर बसत, आणि राजक्का काय म्हणते ते वहीत लिहून घेत. कुठली फरशी उघडते, कुठली नाही, ती कशी ओळखते. ती आता त्यांच्याशी थेट बोलत होती. त्यांनी फरशी वाकडी धरली तर रागावतही होती.

रविवारी गुरुजी जेवायला आले तेव्हा लसमय्यानं पुस्तक दाखवलं. मी तिथंच होते. त्यानं सगळी गोष्ट सांगितली, दगड फेकल्यापासून. त्याच्या डोक्यावरून दगड कसा गेला हे दाखवायला तो दोनदा खाली वाकला. मला वाटतं, ही गोष्ट त्याला जुन्या गोष्टीपेक्षा जास्त आवडली होती.

नवीन शोधनिबंध १९८३ साली छापून आला. सर निवृत्त झाले होते आणि दम्यामुळे घराबाहेर पडत नव्हते. लेखक म्हणून दोन नावं होती, सरांचं आणि माझं. मी मागितलं नव्हतं. मी एकटी एसटीनं मल्लेपाडूला गेले आणि राजक्काच्या अंगणात बसून तिसऱ्या पानावरचं वाक्य आधी इंग्रजीत वाचलं, मग तेलुगूत सांगितलं. मल्लेपाडू येथील राजक्का दुर्गम यांनी १९६२ साली पहिला नमुना शोधला आणि १९८१ साली त्याचा मूळ थर लेखकांना दाखवला.

राजक्कानं मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, “आणि फेकून मारला ते?”

“ते नाही लिहिलं.”

“मग वाचणाऱ्याला कसं कळणार, कसा सापडला?”

“तसं लिहीत नाहीत शोधनिबंधात.”

“सारूला सांग,” ती म्हणाली, “बाकी सगळं बरोबर आहे.”

नागपूरला परतल्यावर मी सरांना तिचा निरोप दिला. ते उशीला टेकून बसले होते. आधी हसले, मग खोकला आला, मग पुन्हा हसले. “बरोबर आहे तिचं,” ते म्हणाले. “भांडण राहून गेलं.”

सरांना जाऊन आता बत्तीस वर्षं झाली. लसमय्या त्यांच्या आधी गेला, राजक्का बरीच नंतर. मी नोकरी केली, शिकवलं, माझ्या नावावर चाळीसेक शोधनिबंध आहेत आणि त्यांतल्या एकाही निबंधात कोणी कोणाला दगड मारलेला नाही. म्हणून हे एवढं इथं लिहून ठेवलं.